लाल टोकाची पट्टी

चोंगोरने बटण दाबलं आणि पहिले दहा सेकंद सगळं झकास चाललं होतं. मोटरीने वेग धरला, पात्यांचं चाक फिरायला लागलं, हवा ओढायच्या भोकापाशी धरलेला कागद सुळकन आत ओढला गेला. आणि मग त्या ब्लोअरने जो गळा काढला, तो असा की दारात उभ्या असलेल्या एतेल्काच्या ताटातले दोन पोगाचे खाली पडले. पहाटे उठून केलेले, वर चीज घातलेले, छोट्या खाऱ्या पावांसारखे पोगाचे, आणि गेले लोखंडाच्या भुशात!

ब्लोअरच्या पलीकडे तिचा नवरा वादाश देझो आपला काळा कोट घालून उभा होता. कोट लग्नाचा नव्हे, पण त्याच्या पाठोपाठचाच. हातात कागद धरून देझो ओठ हलवत होता. काय म्हणत होता ते देवालाही ऐकू गेलं नसेल.

आमच्या तार्नावारच्या पंखा कारखान्यातली ही पहिल्यापासूनची रीत. नवा ब्लोअर पहिल्यांदा चालू झाला की एक माणूस त्याच्या अलीकडे उभा राहायचा, एक पलीकडे. पलीकडचा माणूस पाटीवरचा मजकूर वाचायचा: नंबर, दाब, मिनिटाचे फेरे, रचना कुणाची. वाचायचं तेही साध्या आवाजात, जेवताना मीठ मागावं तेवढ्याच. अलीकडच्याला ऐकू आलं तर ब्लोअर पास, नाही आलं तर खोला पुन्हा. आवाज मोजायची यंत्रं नव्हती असं नाही, पण यंत्रावर भरवसा ठेवतो कोण? कारखाना बंद पडून अठरा वर्षं झाली. त्याच्या रंग द्यायच्या जुन्या शेडमध्ये चोंगोर आता चार माणसांचं वर्कशॉप चालवतो. पस्तिशीचा, शिकलेला, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारा मुलगा, पण ही रीत काही त्याने सोडली नाही.

चोंगोरने बटण बंद केलं. विव्हळणं हळूहळू खाली उतरत गेलं आणि थांबलं.

"वेल्डिंग," देझो म्हणाला.

"काका, वेल्डिंग मी स्वतः तपासलंय."

"मग परत तपास."

चोंगोरने तपासलं. देझोनेही तपासलं, चष्मा कपाळावर चढवून, नाक लोखंडाला लावून. वेल्डिंग बाळाच्या गालासारखं गुळगुळीत होतं. मग चाकाचा तोल पाहिला, बेअरिंग पाहिलं. शेवटी देझोने फट मोजायचा फीलर काढला आणि जिभेपाशी घातला. अंतर पंचवीस मिलिमीटर, ना चोवीस, ना सव्वीस.

आता ही जीभ म्हणजे काय, ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात. असल्या ब्लोअरमध्ये पात्यांचं चाक मधोमध फिरतं आणि त्याच्याभोवती पत्र्याचं एक कवच असतं. एका बाजूला अरुंद, मग रुंद रुंद होत जाणारं. कारखान्यात त्याला सगळे गोगलगाय म्हणायचे. हवा या गोगलगायीतून गोल फिरते आणि तोंडातून बाहेर पडते. कवचाची जी कड चाकाच्या अगदी जवळ येते, ती जीभ. प्रत्येक पातं जिभेवरून जाताना हवेला एक फटका बसतो. जीभ फार जवळ असली की ब्लोअर रडतो. फार लांब असली की हवा आतल्या आत घुटमळते, दाब पडतो. नेमकं अंतर किती, यावर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. आमच्या देझोने ते काढलं होतं एकोणीसशे चौसष्टमध्ये. पंचवीस.

त्या पंचविसाच्या जोरावर जो ब्लोअर बनला, त्याचं कागदावरचं नाव काही का असेना, सगळा मुलूख त्याला 'मुकी' म्हणायचा. कारण मुकी आवाजच करायची नाही. पहिली मुकी डोंगरापलीकडच्या काचशाळेत गेली, भट्टीला हवा द्यायला. तिथे फुंकणारे कारागीर एकमेकांशी सतत बोलत असतात. 'फिरव', 'थांब', 'आता उचल'. काच मऊ आहे तोवरच काय ते, एक शब्द चुकला की फुलदाणीचं वांगं होतं. सत्तेचाळीस वर्षं मुकीच्या शेजारी उभं राहून ती माणसं आरामात गप्पा मारत होती. शेवटी ती गंजून चाळण झाली, भंगारात गेली, आणि काचशाळेने चोंगोरला सांगितलं, तश्शीच दुसरी करून द्या. जुन्या लाकडी फळ्या, ज्यांवरून पत्रा कापायचे, त्या कारखाना बंद झाला त्या हिवाळ्यात कुणाकुणाच्या चुलीत गेल्या होत्या. राहिलं होतं फक्त देझोच्या अक्षरातलं ड्रॉइंग. चोंगोरने एकेक आकडा जसाच्या तसा घेतला.

आणि आता ही मुकी रडत होती.

"काका यायच्या आधी आज सकाळीच काचशाळेचा मुकादम येऊन ऐकून गेला," चोंगोर एतेल्काला हळूच म्हणाला. "म्हणाला, हे घेऊन आमच्या लोकांनी काय एकमेकांना पत्रं लिहायची? पंधरा दिवस दिलेत. एतुश काकू, काकांना कसं सांगू? मला वाटतं त्यांचा आकडाच…"

"तू काही सांगू नकोस," एतेल्का म्हणाली. "पोगाचे खा."

बसमधून घरी येताना देझो तिकिटाच्या मागे आकडेमोड करत होता. एरवी हा माणूस दोन थांब्यांत तीन विषय संपवायचा. एतेल्का मांडीवर रिकामं ताट घेऊन खिडकीबाहेर बघत होती, आणि तिच्या मनात जी धाकधूक होती ती सत्तेचाळीस वर्षं जुनी होती.

कारण मुकी मुकी का होती, हे या पृथ्वीतलावर फक्त एतेल्काला माहीत होतं.

पुढचे आठ दिवस घरात नुसता आकडेमोडीचा स्लाइड रूल सरकत होता. देझोने जुन्या वह्या काढल्या, जेवणाच्या टेबलावर पसरल्या. कोंबडीचं सूप गार व्हायचं, त्यावर साय धरायची. "जेव रे," म्हटलं की "हो हो." पुन्हा म्हटलं की "हो हो." नवव्या दिवशी त्याने पुन्हा सुरुवातीपासून गणित केलं आणि उत्तर पुन्हा पंचवीस आलं. त्या दिवशी त्याने स्लाइड रूल म्यानात घातला, आणि नंतर नुसता बसून राहिला. ते तिला जास्त लागलं.

पंचवीस-काका म्हणायची त्याला पोरं. टेक्निकल शाळेत तो तीस वर्षं संध्याकाळचे वर्ग घ्यायचा, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर मोठ्ठा पंचवीस काढायचा. "याच्यात माझा सगळा जन्म आहे," म्हणायचा. दुसऱ्या शहरातल्या कारखान्याने एकदा त्याचे आकडे घेऊन ब्लोअर केला, तोही असाच रडला. देझो आगगाडीने जाऊन पाहून आला आणि जेवताना म्हणाला, "गलथान वेल्डिंग, दुसरं काय!" एतेल्काने त्याला आणखी एक डाव सूप वाढलं होतं. आणखी काय करणार होती?

खरं तर खूप काही करता आलं असतं. तेव्हाच बोलून टाकता आलं असतं. पण झालं होतं असं.

चौसष्ट साली ती बावीस वर्षांची होती आणि तिचं नाव चेर्नुश एतेल्का होतं, आमच्याकडे आडनाव आधी. ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. इंजिनिअर लोक पेन्सिलीने काढायचे, ट्रेसर मुलींनी ते शाईने गिरवायचं. कागदाच्या कोपऱ्यात इंजिनिअरचं पूर्ण नाव, आणि ट्रेसरची फक्त आद्याक्षरं, मुंगीएवढी: चे. ए. सहा मुली होत्या आणि सहाही जणींच्या बोटांना शाई. एतेल्काला केस कानामागे सारायची खोड होती, त्यामुळे तिच्या मानेवरही शाई असायची. तिला ते माहीत नव्हतं. समोरच्या टेबलावरच्या इंजिनिअर वादाशला होतं.

वादाश तेव्हा एकतीसचा. लाजाळू इतका की मुलींकडे रबर मागायचं तर चिठ्ठी पाठवायचा. दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत.

मुकीची गोगलगाय खऱ्या आकाराची काढायची होती, म्हणजे त्यावरून फळी आणि फळीवरून पत्रा कापता येईल. एवढा मोठा कागद पसरायला जागा एकाच ठिकाणी, पॅटर्नवाल्या सुतारांच्या कामशाळेत. तिथे लाकडाचे साचे करत, त्यावरून फाउंड्रीत पोलाद ओतत. तिथला मुख्य कारागीर वेंदेल काका, जाड मिशीचा, दुपारी बाराच्या आत कधी न पिणारा आणि बारानंतर कधी न चुकणारा. एतेल्का आपल्या कागदाची वळकटी, शाई, कंपास सगळं घेऊन गेली आणि मीटरपट्टी ऑफिसात विसरली. परत दोन जिने चढायचे? समोर बाकावर एक सुरेख पट्टी पडलेली होती. पेअरच्या लाकडाची, वापरून वापरून मधासारख्या रंगाची, एक टोक लाल रंगवलेलं. सुतार जेवायला गेले होते. तिने ती उचलली, गुडघ्यांवर बसली, आणि दोन तासांत त्या पट्टीने मापं घेऊन आख्खी गोगलगाय काढून टाकली.

कवच जोडताना तोंडाचा पत्रा नीट जुळेना. फिटरने इंजिनिअर लोकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि हातोड्याने ठोकून जुळवला. फिटर शिव्या देतातच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

मग चाचणीचा दिवस. मोठी शेड, साठ-सत्तर माणसं, डायरेक्टर हजर. नव्या रचनेची चाचणी म्हणजे पलीकडे इंजिनिअर आणि अलीकडे ड्रॉइंग गिरवणारी मुलगी, असा पायंडा होता. आतापर्यंतचा प्रत्येक ब्लोअर पहिल्या दिवशी कोकललाच होता, त्यामुळे हाही कोकलणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. वादाश साहेबांना तर मुळीच नव्हती. त्या आवाजाच्या आडोशाने त्यांनी आपल्या आयुष्यातलं एकमेव धाडस करायचं ठरवलं होतं. मोटर चालू झाली, चाक फिरलं, आणि पाटी वाचायच्या ऐवजी, तिच्याकडे बघत, साध्या आवाजात ते म्हणाले:

"एतेल्का, तुमच्या मानेवर रोज शाई असते, ती बघून माझी गणितं चुकतात, माझ्याशी लग्न कराल का?"

आणि ब्लोअर गप्प होता. नुसता एक हलका श्वास, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. साठ-सत्तर माणसांनी शब्द न् शब्द ऐकला. डायरेक्टरनेही ऐकला. वादाश साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग त्याला कुठलाच रंग राहिला नाही. एतेल्काचे कान नुसते पेटले होते. पण बाई खमकी! तिने हात मागे बांधले, मान वर केली आणि म्हणाली:

"ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

शेडमध्ये जो हशा उसळला, तो म्हणे गेटवरच्या वॉचमनपर्यंत गेला. आणि त्या बिचाऱ्याला पुन्हा सांगावं लागलं, अख्ख्याच्या अख्खं, शाईसकट.

दुसऱ्या दिवशी वेंदेल काकांनी तिला बोलावून घेतलं. हातात ती पट्टी. पट्टीवर शाईने उमटलेला तिचा अंगठा.

"पोरी, कवच हिच्यानं मोजलंस?"

"हो. का?"

"लाल टोक दिसलं नाही?"

"दिसलं. छान आहे."

"छान आहे म्हणे!" वेंदेल काकांनी कपाळावर हात मारला. "अगं, पोलाद थंड होताना आकसतं. म्हणून लाकडाचा साचा आम्हाला थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी गणित कोण करणार? म्हणून ही पट्टीच मुळात मोठी. हिच्यावरचा मीटर म्हणजे एक मीटर आणि वर दोन सेंटिमीटर. लाल टोक म्हणजे पॅटर्नवाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सुताराचं शेंबडं पोर पण जाणतं हे!"

एतेल्काने मनात हिशोब केला. चाक बरोबर मापाचं, पण त्याभोवतीची अख्खी गोगलगाय दोन टक्के मोठी. म्हणजे जीभ पंचवीसवर नाहीच. ती रडायलाच लागली. त्या काळात कारखान्यातली चूक नुसती चूक नसायची, कुणी तरी ती वर कळवायचं आणि तिचा सरकारविरुद्धचा कट व्हायचा.

"मी आत्ता जाऊन त्यांना सांगते."

"काय सांगशील? ब्लोअर उत्तम चालतो म्हणून माफी मागशील?" वेंदेल काकांनी पट्टी तिच्या हातात कोंबली. "ही घेऊन जा घरी. माझ्याकडे राहिली तर मी एखाद्या दुपारी चार जणांत बोलून जाईन. आणि सुखानं लग्न कर."

लग्न झालं. लग्नानंतर आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिचं नाव झालं सौ. वादाश देझो. पगाराच्या कागदावर, दाराच्या पाटीवर, पोस्टमनच्या तोंडी, सगळीकडे सौ. वादाश देझो. चेर्नुशही गेलं आणि एतेल्काही गेलं, घरात काय ती 'एतुश' राहिली. मुकीला सरकारचं पदक मिळालं. पुढच्या सगळ्या मुक्या त्याच फळ्यांवरून कापल्या गेल्या. देझो फळ्यावर पंचवीस काढत राहिला. सांगायचं ते आज राहिलं, उद्या राहिलं, आणि मग इतकं राहिलं की ते सांगणं म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन काढून घेणं झालं. पट्टी कोठारात सर्वांत खालच्या फळीवर, जॅमच्या बरण्यांमागे पडून होती. दर सप्टेंबरात नव्या बरण्या ठेवताना ती तिला दिसायची.

आताही सप्टेंबरच होता. दहाव्या दिवशी दुपारी एतेल्काने अंगणात मोठी कढई चढवली. प्लमचा जॅम आमच्याकडे साखर न घालता करतात, आठ-आठ तास ढवळत. ढवळायचं थांबलं की खाली लागलाच. ती लांब दांड्याच्या लाकडी डावाने ढवळत होती, तेवढ्यात देझो घरातून बाहेर आला. दोन्ही हातांत वह्यांचा गठ्ठा, हनुवटीपर्यंत.

"हे काय?"

"जळण."

"लाकडं आहेत की."

"ही जास्त सुकी आहेत." तो कढईजवळ टेकला आणि वरची वही उघडून तिची पानं मोकळी करायला लागला. आवाज अगदी शांत होता. "एतुश, मला दोनच गोष्टी दिसतात. एक, मी तेव्हाच चुकलो होतो आणि नशिबाने तरलो. दुसरी, तेव्हा मी बरोबर होतो, आणि आता मला माझंच गणित कळत नाही. पहिली खरी असेल तर मी तीस वर्षं पोरांना फसवलं. दुसरी खरी असेल तर माझं डोकं गेलं. तू सांग, कुठली घेऊ?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. दाढी तीन दिवसांची वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. हा माणूस बटणाच्या भोकाचंही माप घेईल असा. तिच्या मनात आलं, सांगितलं तर याचं पंचवीस जाईल. नाही सांगितलं तर हाच जाईल.

"तिसरी घ्या," ती म्हणाली.

'तुम्ही' ऐकून त्याने मान वर केली. लग्नानंतर ती त्याला कधीच 'तुम्ही' म्हणाली नव्हती, एकदा त्याने तिचं पाळीव बदक शेजाऱ्याला देऊन टाकलं होतं तेव्हा सोडून.

"कोठारात जा. खालची फळी, जर्दाळूच्या बरण्यांमागे. जे असेल ते घेऊन या. आणि ती वही खाली ठेवा आधी."

तो गेला. ती ढवळत राहिली. तो परत आला तेव्हा लाल टोक पुढे धरून, साप धरावा तशी पट्टी धरली होती त्याने. इंजिनिअर होता, फाउंड्रीत उमेदवारी केलेला. त्याला लाल टोकाचा अर्थ सांगावा लागला नाही. पट्टीवरचा शाईचा अंगठाही त्याने पाहिला.

"गोगलगाय?" त्याने विचारलं.

"गोगलगाय."

"सगळी?"

"सगळी. मी मीटरपट्टी वर विसरले होते. दोन जिने होते."

देझो खाली बसला. काटकी घेऊन राखेत आकडे काढायला लागला. चाकाच्या मध्यापासून जिभेपर्यंत पाचशे पंचवीस. त्याचे दोन टक्के साडेदहा. पंचवीस अधिक साडेदहा. "साडेपस्तीस," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "साडेपस्तीस." आणि मग उठून उभा राहिला आणि असा ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"तीस वर्षं मी फळ्यावर पंचवीस काढला! लोकांच्या वेल्डिंगला नावं ठेवली! आणि तू समोर बसून सूप वाढत होतीस!"

"हो," एतेल्का म्हणाली. "वाढत होते."

"एकदा, एकदा तरी तोंड उघडायचं होतं!"

"भ्याले. आधी कारखान्याला भ्याले, मग तुम्हाला. मग तुमचा फळ्यापुढचा चेहरा बघितला आणि त्याला भ्याले. आता काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

त्याने दिल्या नाहीत. पाठ फिरवून बागेच्या टोकाला अक्रोडाखाली जाऊन उभा राहिला. तासभर तिला त्याची फक्त पाठ दिसत होती. कढई सोडून जाता येत नव्हतं. ती ढवळत होती आणि डोळे पुसत होती. धुरामुळे नव्हे, उगाच कशाला खोटं बोला.

ऊन कलायला लागलं तेव्हा तो आला. तिच्या हातातला डाव घेतला आणि स्वतः ढवळायला लागला.

"तोंडाचा पत्रा जुळला नव्हता," तो म्हणाला. "फिटर बोंबलत होता. मी जाऊन मोजायला हवं होतं. पण मी म्हटलं, फिटर काय, बोंबलतातच." डाव दोनदा फिरला. "चाचणीच्या दिवशी… जर खरंच पंचवीस असते तर?"

"तर मला काही ऐकू आलं नसतं."

"आणि मी परत बोललो नसतो."

"तुम्ही? या जन्मात नाही."

तो खुदकन हसला, आणि हसला म्हणून स्वतःवरच चिडला. "मी अजून रागावलेलो आहे."

"असा. पण तळापासून ढवळा, खाली लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली, पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि एकटाच बसने चोंगोरकडे गेला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने घरी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, कारण विचारायची हिंमत नव्हती. तो रोज जायचा, रोज संध्याकाळी यायचा, जेवायचा. सूपही प्यायचा. पण बोलणं कामापुरतं. तिला वाटायचं, आता सगळ्या तार्नावारला कळलं असेल. बेकरीत बायका कुजबुजल्या की तिला वाटायचं आपल्याबद्दलच. त्याने नुसतं 'आकडा सुधारला' म्हणून सांगितलं असेल, तर त्याचा मान राहील आणि ती पुन्हा बरण्यांमागे जाईल. खरं सांगितलं असेल तर त्याचं हसं झालं असेल. दोन्हींतलं कुठलंच तिला नको होतं.

चौदाव्या दिवशी तो म्हणाला, "चल. ताट घे." तिने पोगाचे केलेच होते.

वर्कशॉपमध्ये काचशाळेचा मुकादम आला होता, दोन फुंकणाऱ्या कारागिरांना घेऊन. नवं कवच करड्या रंगात चकचकत होतं. बाकावर लाल टोकाची पट्टी उघडी ठेवलेली, सगळ्यांना दिसेल अशी.

"एतुश काकू," चोंगोर तिच्या कानाशी आला. "काकांनी पहिल्या दिवशी ही टेबलावर आपटली आणि म्हणाले, कवच हिच्यानं मोज. मी म्हटलं, काका, ही पट्टी चुकीची आहे. तर म्हणाले, चुकीची असेल, पण माझ्या बायकोनं तिच्यानं मोजलंय, म्हणून तू पण तिच्यानंच मोजायचंस."

"सगळं सांगितलं?"

"दोन जिन्यांसकट." चोंगोर हसू दाबत होता. "तुम्ही अलीकडे उभ्या राहा."

ती उभी राहिली. पलीकडे देझो, काळ्या कोटात, बटणं बरोबर लावलेली. चोंगोरने बटण दाबलं. मोटरीने वेग धरला, चाक फिरलं, कागद आत ओढला गेला. दहा सेकंद गेले. वीस गेले. शेडमध्ये फक्त तो श्वास होता, हलका, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. एतेल्काने तो सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ऐकला होता आणि आता ओळखला. काचवाल्यांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आली की आपली मुकी," आणि ते सगळ्यांना ऐकू आलं.

देझोने चष्मा लावला आणि पाटीवर वाकला. पाटी नवीन होती. साध्या आवाजात, मीठ मागावं तसं, त्याने वाचायला सुरुवात केली. नंबर वाचला. दाब वाचला. मिनिटाचे फेरे वाचले. मग थांबला, आणि पाटीकडे न बघता तिच्याकडे बघत म्हणाला:

"गणित, वादाश देझो. माप, चेर्नुश एतेल्का."

हे नाव आईवडील गेल्यापासून कुणी उच्चारलं नव्हतं. तिला ते लख्ख ऐकू आलं, अक्षर न् अक्षर. सगळ्या शेडला ऐकू आलं. तिने ताट चोंगोरच्या हातात दिलं, हात मागे बांधले, मान वर केली. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसलं नाही.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा सांगा."